बरणीतले दोन थेंब

सोमवार, २ मार्च

ही वही ताईने दिली. पहिल्या पानावर तिनेच ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलंय : राग आला की तोंड उघडायचं नाही, वही उघडायची. माझ्या दोन नोकऱ्या माझ्या तोंडामुळे गेल्या, हे तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तिसरी टिकवीन, असं तिने भिंगरीची शपथ घालून माझ्याकडून कबूल करून घेतलं. भिंगरी म्हणजे तिची लेक, वय सात, खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं. ही पोरगी एका जागी बसत नाही आणि झोपली तरी तिचा डावा पाय चादरीखाली चालूच असतो. काल मी तिच्या शेजारी झोपले आणि सकाळी बरगड्या चोळतच उठले.

पण आज मी खूश आहे. लिहून ठेवते, कारण असं रोज होत नाही. सांडपाणी केंद्र म्हटल्यावर मी नाकाला रुमाल लावूनच फाटकातून आत शिरले, तर इथे ओल्या गवताचा वास! उतारावर सहा तळी आहेत, जेमतेम गुडघ्याएवढी खोल, हिरवीगार. वरच्या गावाचं सगळं सांडपाणी आपसूक उतरून त्यांत येतं. प्रत्येक तळ्यात एक चाक संथपणे पाणी ढवळत असतं. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यावर जिवाणू जगतात आणि घाण फस्त करतात. धडधड नाही, धूर नाही. सहाव्या तळ्यातून निघालेलं पाणी बागांना आणि रस्ते धुवायला जातं, असं सांगितलं.

प्रयोगशाळेला मोठी खिडकी आहे. सूक्ष्मदर्शक नवा कोरा, त्याला कॅमेरा, आणि भिंतीवर दाराएवढा पडदा. मागच्या नोकरीत सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू रबरबँडने बांधून काम करावं लागायचं. इथे थेंबातला जीव हत्तीएवढा दिसतो. राहायला मागेच एक खोली दिली आहे आणि तिच्या नळाला चांगली धार आहे. ताईचं घर खालच्या वस्तीत, उताराने वीस मिनिटं. तिच्याकडे नळाला दोन तास पाणी येतं, तेही मेहेरबानी केल्यासारखं.

बुधवार, ४ मार्च

काम समजून घेतलं. पाणी यंत्रावर तपासलं तर निकालाला पाच दिवस लागतात, तोवर पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. शिवाय ते यंत्र सध्या दुरुस्तीला गेलंय. सूक्ष्मजीव मात्र पाच मिनिटांत सांगतात. थेंबात कोण आहे तेवढं बघायचं. नुसती युग्लिना नावाच्या एकपेशीय जिवांची हिरवी झुंबड असेल तर घाण जास्त. चाकवाले दिसले, म्हणजे तोंडाशी केसांची चाकं फिरवणारे ते रोटीफर, तर पाणी सुधारतंय. आणि घंट्या दिसल्या तर जिंकलो.

घंटी म्हणजे देठावर उभी असलेली इवलीशी उलटी घंटा. तोंड उघडून डुलत असते. जरा धक्का लागला की देठाची स्प्रिंग होते, तोंड मिटतं आणि बाई खाली दडी मारते. चार सेकंदांनी पुन्हा वर. पाण्यात विष आलं तर सगळ्यांत आधी घंट्या जातात. म्हणून सगळा भरवसा त्यांच्यावर.

खिडकीत एक मोठी काचेची बरणी आहे. तिच्यात एक वाळकी फांदी आणि फांदीवर पांढरी लव. ती लव म्हणजे घंट्यांची अख्खी वसाहत. टिचकी मारली की लव क्षणात नाहीशी होते, फांदी उघडी पडते, आणि चार आकडे मोजले की परत पांढरी. हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. माझ्याआधीच्या बाईंनी त्या वाढवल्या, स्वच्छ पाण्यात, आठवड्याला चिमूटभर वाळलेलं गवत घालून. ही माहिती पंपकाकांनी दिली. एकतीस वर्षं ते इथला पंप सांभाळतात, राहतात खालच्या वस्तीत ताईच्या मागच्याच गल्लीत. त्या बाई का गेल्या असं विचारलं तर त्यांनी पंपाला तेल घालायचंय अशी सबब काढली.

शुक्रवार, ६ मार्च

दर शुक्रवारी पाहुणे येतात आणि त्यांच्यासमोर मोठे साहेब सहाव्या तळ्याचं पाणी एक पेला भरून पितात. गटागटा, मान मागे टाकून. मग पेला उलटा करून दाखवतात. गेली तीन वर्षं एकही शुक्रवार चुकला नाही म्हणे. कामगार त्यांना मागून पेलासाहेब म्हणतात. माणूस गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्यांचं आणि माझं कधी जमलेलं नाही, पण वचन दिलंय.

आज मी पडद्यावर बरणीतल्या घंट्या लावल्या होत्या. चाळीसेक तरी असतील, सगळ्या डुलत होत्या. पेलासाहेब आत आले आणि चाळीसच्या चाळीस खाटकन मिटल्या. पाहुणे हसले. बुटांचा हादरा बसतो, असं मी समजावलं. गंमत म्हणजे चार सेकंदांनी त्या उघडल्या नाहीत. साहेब पंधरा मिनिटं बोलत होते आणि तेवढा वेळ पडद्यावर नुसते देठांचे वेटोळे. ते बाहेर पडले तशा उघडल्या. मी मनात म्हटलं, वा गं बायांनो, तुम्हालाही माणसं कळतात.

मंगळवार, १० मार्च

वही उघडते आहे. तोंड उघडलं नाही. ताई, वाच हे कधीतरी.

चौथ्या तळ्याचा नमुना घेतला. त्यात घंट्या शून्य. चाकवाले होते ते मेलेले, चाकं थांबलेली. शेवाळाचा रंग हिरव्याऐवजी शेणासारखा. दुसरा नमुना घेतला, तिसरा घेतला, तेच. मी आरडाओरडा करत बाहेर आले तर पंपकाका शांतपणे म्हणाले की बाई, बरणीतले दोन थेंब टाका की. आमटीत मीठ कमी पडलं तर सांगावं तसं सांगितलं त्यांनी! म्हणजे ती बरणी शोभेची नाही. नमुना मेलेला निघाला की त्यात बरणीतले दोन थेंब सोडायचे, पडद्यावर घंट्या मोजायच्या आणि नोंदवहीत लिहायचं : भरपूर. आधीच्या बाई हेच करत आणि त्यांच्या आधीचेही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच पेलासाहेबांकडे गेले. ते म्हणाले, मॅडम, चौथं तळं असंच लहरी आहे, उन्हाने होतं. यंत्र आठ दिवसांत येतंय. वीस तारखेला वरच्या कार्यालयाची समिती यायची आहे, तोवर नोंदवहीत वाईट नोंद नको. तोवर फक्त सही करा. आणि मग हळूच म्हणाले की तुमच्या मागच्या दोन नोकऱ्यांबद्दल आम्ही काही विचारलं नाही, नाही का?

पाणी बागेला तर जातं, मी स्वतःला म्हटलं. झाडं काय तक्रार करणार. दोन थेंब टाकले. मोजले. लिहिलं : तळं ४, घंट्या भरपूर. खाली माझी सही. माझी सही लांबलचक आहे, शेवटी एक फराटा. तोही नेहमीसारखाच सफाईदार आला, याचाच आता राग येतोय.

सोमवार, १६ मार्च

रोज दोन थेंब. रोज सही. खाई त्याला खवखवे, तसं झालंय.

आज दोन गोष्टी समजल्या. दुपारी सगळे डबा खायला बसतात तेव्हा मी नमुना घ्यायला गेले, तर चौथ्या तळ्यावर निळा टँकर उभा. त्याची नळी थेट पाण्यात. पंपकाका फाटक धरून उभे होते आणि माझी नजर चुकवत होते. ड्रायव्हर म्हणाला की धातूला चकाकी देणाऱ्या कारखान्याचं साबणाचं पाणी आहे, दर सोमवारी येतं, साहेबांना माहीत आहे. साबणाच्या पाण्याला फेस असतो. याला फेस नव्हता. ते पिवळं होतं, आणि जिथे पडत होतं तिथलं शेवाळ माझ्यादेखत पांढरं पडलं.

दुसरी गोष्ट मला लिहायलाही चमत्कारिक वाटते. घंट्या पेलासाहेबांच्या बुटांना भीत नाहीत. आज ते मऊ सपाता घालून आले, आवाज नाही, हादरा नाही. तरी ते दारात आले आणि पडदा मिटला. मग मी मुद्दाम पंपकाकांना बोलावलं. मिटला. बाहेर पाठवलं, चार सेकंदांत उघडला. दहा वेळा आत-बाहेर केलं, दहाही वेळा तेच. शेवटी ते म्हणाले की बाई, माझे गुडघे दुखतात. झाडणारी मावशी वरच्या गावात राहते. ती बादली आपटत आली आणि टेबलाला धडकली. घंट्या दचकल्या, चार आकडे झाले, पुन्हा वर. माझ्यासमोर तर त्या दिवसभर उघड्या असतात.

घंट्यांना डोळे नाहीत, नाक नाही, कान नाहीत. त्या पाण्यातलं विष ओळखतात, एवढीच त्यांची विद्या. बंद बरणीत बसून दारातला माणूस त्या कशा ओळखतील? मी शास्त्र शिकलेली बाई आहे. मला हे आवडलेलं नाही.

गुरुवार, १९ मार्च

पंपकाका गेले.

नीट लिहिते. अकराच्या सुमारास ते प्रयोगशाळेत आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. पडदा मिटला, मी लक्ष दिलं नाही, आता सवय झाली होती. चार दिवसांपासून तोंडाला धातूची चव येते म्हणाले, हिरड्यांशी निळी रेघ आली होती ती दाखवली. मग म्हणाले की सांगून टाकतो, छातीवरचा दगड उतरेल. सहाव्या तळ्याचं पाणी बागेला जातच नाही. जानेवारीपासून ते खालच्या वस्तीच्या टाकीत सोडतात, कारण उन्हाळ्यात धरणाचं पाणी वरच्या गावालाच पुरत नाही. आणि इथल्या क्वार्टरांचे नळ मात्र वरच्या गावाच्या लाईनवर आहेत. म्हणजे मी पिते ते वरचं. ते स्वतः घरी पितात ते खालचं.

मी बोलायला लागले. काय काय बोलले, सगळं वचन धुळीला मिळालं. ते डोळे मिटून भिंतीला टेकून ऐकत होते. बोलता बोलता माझं पडद्याकडे लक्ष गेलं. कडेची एक घंटी उघडली होती. मग तिच्या शेजारची. मग भराभर सगळ्या, अख्खा पडदा डुलायला लागला. मी म्हटलं, बघा काका, खरं बोललात तर यांनीही तुमच्याशी गट्टी केली. ते काही बोलले नाहीत.

मी आणखी पाच मिनिटं त्यांच्याशी भांडत होते. मेलेल्या माणसाशी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

उतारावरून पळत ताईकडे गेले. ते पाणी पिऊ नको, भिंगरीला तर थेंबही देऊ नको, असं ओरडूनच सांगितलं. ती आधी हसली. म्हणाली की अगं, जानेवारीत पाण्याला वास यायला लागला तेव्हापासून मी भिंगरीसाठी वरच्या गावातून कळशी आणत होते, रोज, पाठीचे टाके ढिले झाले. गेल्या आठवड्यात सोडलं ते.

का सोडलंस, मी विचारलं.

तिने मला हाताला धरून टाकीपाशी नेलं. टाकीला दर मंगळवारी नोंदवहीवरून, सहीसकट, छापलेला तपासणीचा कागद चिकटवतात. त्यावर लिहिलंय : सूक्ष्मजीव भरपूर, पाणी सुरक्षित. खाली माझी सही. शेवटचा फराटा जरा जास्तच लांब. आधीच्या सह्यांवर मी विश्वास ठेवला नाही, ताई म्हणाली, पण ही माझ्या बहिणीची आहे. भिंगरीने वर्गातल्या सगळ्यांना नेऊन दाखवली म्हणे. माझ्या मावशीची सही, आता प्या.

मी तिथेच नखांनी कागद खरवडला. नखं तुटली. दुसऱ्याला शिव्या देताना माझी जीभ कधी अडखळत नाही. आज स्वतःला द्यायच्या होत्या आणि एक पुरेशी वाईट शिवी सापडेना.

शुक्रवार, २० मार्च

समिती आली. सोबत दोन शाळांची मुलं, एक वरच्या गावातली, एक खालच्या वस्तीतली, दोन रांगांत. मी पडद्यावर बरणी लावून ठेवली होती. साहेब आणि समिती अजून तळ्यांवरच होते. मला खात्री करायची होती आणि नव्हतीही.

आधी वरची रांग आत आली. दंगा, धक्काबुक्की. घंट्या दचकल्या, चार आकडे, उघडल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग खालच्या शाळेची रांग. पहिल्या मुलीने उंबरा ओलांडला आणि पडदा मिटला.

पहिली मुलगी भिंगरी होती. माझ्याकडे बोट करून मागच्यांना सांगत होती की हीच माझी मावशी, ती सही हिचीच. बाकीच्यांना तिने बाहेरच थांबवलं होतं, आधी मी जाणार म्हणून. म्हणजे वस्तीतली ती एकटीच होती आत. ते पाणी पिऊन नऊ दिवस. एवढ्याशा जिवाला नऊच दिवस पुरले.

मग समितीला घेऊन पेलासाहेब आत आले आणि त्यांनी पेला उचलला. मी तो त्यांच्या हातातून हिसकावला आणि भिंतीवर फोडला. मग मी तोंड उघडलं. टँकर, पाइप, बरणी, पंपकाका, सगळं समितीसमोर ओकले. माझा आवाज चढला की चिरकतो, तसा चिरकला. मुलं रडायला लागली. समितीच्या बाईंनी मला पाणी देऊ केलं, सहाव्या तळ्याचंच! आणि पेलासाहेबांनी जराही न चिडता नोंदवही उघडली. दहा तारखेपासूनच्या सगळ्या नोंदी, सगळ्यांखाली माझी सही. मॅडमनी स्वतःच लिहिलंय की घंट्या भरपूर, आता त्याच नाही म्हणतात, म्हणाले. मग दुसरा पेला मागवला आणि प्यायले. मान मागे टाकून. त्या माणसाला खरंच वाटतं की पाणी चांगलं आहे. चोर असता तर गचांडी तरी धरता आली असती. हा मूर्ख आहे, आणि मूर्खाला कुठे धरायचं?

त्याच्या हिरड्यांवर निळी रेघ आहे. मी पाहिली. सांगितली नाही. मला त्याची लाज वाटत नाही.

शनिवार, २१ मार्च

वस्तीच्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद केला. त्याचं चाक पान्याने काढलं आणि चौथ्या तळ्यात फेकून दिलं. नोंदवहीत आजची नोंद केली : घंट्या शून्य. मागच्या सगळ्या नोंदी खोडल्या, प्रत्येक खाडाखोडीवर सही केली. पाणी कोठून येतं त्याचा कागद लिहून टाकीवर चिकटवला.

दुपारी वस्तीतले लोक फाटकावर आले. पाणी का तोडलं म्हणून माझ्याच नावाने शिव्या. कागद वाचला का, विचारलं. एक जण म्हणाला की त्या आधीच्या कागदावरही तुमचीच सही होती, कुठली खरी धरायची? नोकरीवरून काढल्याचं पत्र तासाभरात हातात. तिसरी.

बरणी उचलून घेतली. ती त्यांच्याकडे ठेवणार नाही.

रविवार, २२ मार्च

भिंगरीला ताप. पोट धरून बसते. तोंडाला चमच्याची चव येते म्हणाली.

मी काही विचारलं नव्हतं. तिने आपणहून सांगितलं.

सोमवार, २३ मार्च

इस्पितळ. कोपऱ्यातली वेगळी खोली, एक खाट, एक खिडकी. रक्त तपासायला पाठवलंय, निकालाला पाच दिवस. पाच दिवस! मी डॉक्टरांवर ओरडले. ते बिचारे काय करणार, त्यांनी कुठे सही केली होती. सलाइनमधून काहीतरी चालू केलंय, विष धुऊन काढणारं. लहान मूल आहे, बघू, म्हणतात.

बरणी खिडकीत ठेवली आहे. ताईला सांगितलं की भिंगरीला गंमत म्हणून. फांदी ओकीबोकी. ताईही तेच पाणी प्यायलेली, म्हणून ती असताना मिटणारच. ती बाहेर गेली तरी मिटलेल्याच. म्हणजे भिंगरी.

सकाळी बरणी बाहेर अंगणात, सगळ्यांपासून लांब नेऊन एक करून पाहिलं. फांदीचा एक तुकडा मोडून वाटीत ठेवला, त्यावर सोबत आणलेल्या बाटलीतला चौथ्या तळ्याचा एक थेंब. मिटल्या. पाणी बदललं, स्वच्छ घातलं, तासाभरात पुन्हा उघडल्या. म्हणजे विष उतरलं की उघडतात. हे सिद्ध आहे. हे मी धरून बसले आहे.

उघडण्याचं दुसरंही एक कारण आहे. ते पंपकाकांच्या खुर्चीत बसलंय. ते मी इथे लिहिणार नाही.

मंगळवार, २४ मार्च

मिटलेल्या.

ताईने आज विचारलं, तुला कधी कळलं होतं? दहा तारखेला, मी म्हटलं. थेंब मेलेला आहे हे दहाला कळलं होतं. मग बोलली का नाहीस. तू सांगितलं होतंस ना, तोंड उघडू नको — हे माझ्या तोंडून गेलं. आयुष्यभर नको तिथे उघडलं, आणि आज पुन्हा —

ती भिंगरीची चादर सारखी करत राहिली. ओरडायला हवं होतं तिने. मारायला हवं होतं.

पेलासाहेब खालच्या मजल्यावर दाखल झालेत म्हणे. पाहुण्यांकडून फुलं आली आहेत.

भिंगरी बरणीकडे बघत असते. मावशी, बाया कधी उघडणार? लवकर, म्हटलं. पाय चालू आहे चादरीखाली. हळू, पण चालू.

बुधवार, २५ मार्च. दुपार

ताई खाली औषधं आणायला गेली आहे. रांग आहे म्हणाली.

ऊन आहे. फांदी काळी, उघडी. दोन दिवस एक पांढरा ठिपका नाही. मेल्या असतील तर बरं, असंही मनात आलं. त्यांचा रागच येतो मला. विष दिसल्यावर आपलं तोंड मिटून बसायचं, बस. माझ्यासारख्याच.

भिंगरीने मघाशी विचारलं, उघडल्या? नाही, म्हटलं. मग मी मोजते, म्हणाली. चारपर्यंत मोजायचं असतं ना? चार झाले. मग तीस झाले. मग दमली. झोपली. पाय हलतोय, मी बघतच लिहिते आहे.

अडीच वाजले.

फांदीच्या टोकाला काहीतरी —

पांढरं आहे. जवळ जाऊन पाहिलं. आहे.

उघडतायत. एक. तीन. ताई अजून खालीच आहे. खोलीत आम्ही दोघीच. म्हणजे विष उतरतंय. सिद्ध आहे ते, वाटीत केलं होतं मी, तासाभरात —

फांदी अर्धी पांढरी.

इतक्या भराभर नको. वाटीत इतक्या भराभर नव्हत्या. त्या दिवशी पडद्यावर —

मिटा. मिटा म्हणते ना!

सगळी फांदी डुलतेय.

मी वहीतून मान वर करणार नाही. आधी तिने पाय हलवायचा. डोळ्याच्या कोपऱ्यातून चादर दिसते, तेवढी पुरे. भिंगरे, मावशी रागावेल हं. डावा. नुसता डावा. एकदाच. चार मोजते. एक. दोन. तीन. चादर अजून —